हाड म्हटलं की येतो

माळ्यावरून कूलर खाली आला, की आमच्या खामगावात उन्हाळा सुरू झाला असं धरायचं. कॅलेंडर काय म्हणतं याला फारसा अर्थ नसतो. गेल्या रविवारी मी कूलर उतरवला. म्हणजे समोरच्या घरातल्या दोघांनी उतरवला आणि "जपून, जपून" असं ओरडायचं काम मी केलं. जाळ्यांमधलं जुनं गवत काढून टाकलं, नवं भरलं, खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर त्याला बसवलं आणि पाइपानं पाणी सोडलं. आधी तो खोकला, मग धुळीचा एक लोट त्यानं खोलीभर सोडला, आणि मग ओल्या गवताचा वास आला. लहानपणी हा वास मला इतका आवडायचा, की मी जाळीला नाक लावून उभी राहायची. या वेळी वास आला आणि माझा हात आपोआप दाराच्या वरच्या कडीकडे गेला. ती नीट लागली आहे का, हे बघायला.

कडी लावायची आता काहीच गरज नाही. आमचा कुत्रा हाड्या जमिनीवर पसरून गार वारा खात होता, त्यानं मान वर करून माझ्या हाताकडे पाहिलं आणि पुन्हा हनुवटी फरशीवर टेकली. त्यालाही ती कडी ठाऊक आहे.

ती तशी वर, अगदी चौकटीच्या टोकाला, मीच बसवून घेतली होती. बाबांसाठी. बाबा उंच होते, हात सहज पोचला असता. पण कडी शोधताना ते दाराच्या मध्यावरच चाचपडायचे. जन्मभर कड्या जिथं असतात तिथं. वर बघायचं त्यांना सुचायचं नाही. सुतारानं विचारलं होतं, "एवढ्या वर काऊन लावून राह्यल्या ताई?" मी म्हटलं, लहान मुलं येतात घरी. त्यानं घरभर नजर फिरवली. मूल कुठं दिसलं नाही, तरी तो स्क्रू पिळायला लागला.

बाबा वडनेर भोलजीचे. आयुष्य शेतात गेलं. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं, शेत चुलतभावाला बटाईनं दिलं आणि बैल विकले. माझं लग्न झालेलं नाही. त्यावरची चर्चा गल्लीनं केव्हाच उरकून घेतली आहे, त्यामुळे इथं ती नको. आम्ही दोघं बरे राहत होतो. मग बाबा चष्मा कुठं ठेवला ते विसरायला लागले, आणि पुढं चष्मा कशासाठी असतो ते विसरले. गाव तेवढं विसरले नाहीत. सकाळी चहा झाला की धोतराचा सोगा हातात धरून दाराशी उभे राहायचे.

"दार उघड माय. बैलं उपाशी हायेत."

"ऊन हाय बाबा. संध्याकाळी जाऊ."

"हाव," म्हणून बसायचे. थोड्या वेळानं पुन्हा उठायचे. पुन्हा बैल, पुन्हा ऊन. संध्याकाळी मी म्हणायची, अंधार पडला, आता सकाळी जाऊ. बाबांना दरवेळी ते पटायचं. त्यांनी एकदा तरी भांडावं असं मला वाटायचं, कारण इतक्या सरळ माणसाला रोज फसवणं फार दमवणारं असतं.

मी हायस्कुलात मराठी शिकवते. शाळा सुरू असली की मंदाबाई बाबांजवळ थांबायच्या, आणि मी निदान दिवसाचे काही तास फळ्यासमोर मोकळा श्वास घ्यायची. पण त्या वर्षी निकाल लागले, सुटी लागली, आणि मंदाबाई पिशवी भरून लेकीकडे निघाल्या. "तुमी त आता घरीच ताई," असं म्हणाल्या. त्यात चूक काहीच नव्हतं. सुटी हा शब्द मी लहानपणापासून किती प्रेमानं उच्चारला असेन. त्या उन्हाळ्यात तो मला कोंडवाड्याच्या पाटीसारखा दिसायला लागला. एक खिडकी कूलरनं बुजवलेली, बाकीच्यांवर ओले पडदे, दाराला वर कडी. आत बाबा आणि मी. कूलरच्या घरघरीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून ओरडून बोलायचं, आणि ओरडून बोललं की बाबा दचकायचे. मला सगळ्यांचा राग यायचा. बाबांचा, मंदाबाईंचा, कूलरचा. भाजीवाल्याचाही, कारण तो गाडी ढकलत हवा तिकडे जायचा.

सगळ्यात जास्त राग संजूचा. संजू माझा धाकटा भाऊ, पुण्याला असतो. त्याच्याकडे वेळ नसतो, पण सल्ले पुष्कळ असतात. त्यानं एका फोनवर सांगितलं, "ताई, अशा पेशंटला कुत्र्याची सोबत फार चांगली. मी व्हिडिओ पाठवलाय, बघ." मी बघितला. त्यात हिरवळ होती, गळ्यात निळा पट्टा घातलेला केसाळ कुत्रा होता आणि एक गोरा म्हातारा चेंडू फेकत होता. मी संजूला म्हटलं, हिरवळीसकट पाठव. पण त्यानं विषय सोडला नाही. मग तो दोन दिवसांसाठी आला, तेव्हा म्हणाला, "मी आहे बाबांजवळ, तू जाऊन कुत्रा घेऊन ये." मी लगेच चप्पल पायात सरकवली. खरं सांगायचं तर मी कुत्रा आणायला गेलेच नव्हते. घराबाहेर पडायला गेले होते.

नांदुरा रोडला, गावाबाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या एका गोदामात भटक्या जनावरांचा निवारा चालायचा. जिथं कधी काळी रुईच्या गाठी रचलेल्या असत, तिथं जाळीचे पिंजरे होते. तो चालवणाऱ्या कुंदाताई गुडघ्यापर्यंतचे बूट घालून फरशी धूत होत्या. मी आत पाऊल टाकलं आणि सगळं गोदाम भुंकायला लागलं. प्रत्येक जाळीवर दोन पाय टेकलेले, प्रत्येक तोंड जाळीबाहेर यायला बघणारं. मला नेऊन सोड, मला नेऊन सोड. मला ते बघवेना. हे सगळं मी घरी रोज बघत होते.

एका पिंजऱ्यात मात्र एक लहानसं तपकिरी कुत्रं भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. एक कान उभा, एक मोडलेला. मी आले, गेले, त्याला त्याचं काही नव्हतं.

"ते नका नेऊ ताई," कुंदाताई म्हणाल्या. "त्याले कितीही बोलवा, जवळ येत नाही. एका ढाब्यावरून आणलं त्याले. कोनी नेत नाही."

"हेच द्या," मी म्हटलं.

दयेनं म्हटलं नाही. ज्याला बाहेर पडायचंच नाही, असा एक तरी जीव मला घरात हवा होता.

कुंदाताईंनी चार प्रश्न विचारले. त्यातला एक असा, की घराचं दार नीट बंद असतं ना, कारण नवीन कुत्रं पळून जातं. मी म्हटलं, दार कायम बंद असतं. त्यांना इतकं समाधान वाटलं की पुढचे प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत.

घरी आल्याबरोबर कुत्रं दिवाणाखाली गेलं आणि तिथंच राहिलं. संजूनं जमिनीवर आडवं पडून "मोती, मोती" केलं. मी "राजा" म्हणून पाहिलं, "टिपू" म्हणून पाहिलं, शेवटी लहानपणी म्हणायचो तसं "यू यू यू" केलं. बिस्किट पुढं केलं. दिवाणाखालून दोन डोळे आमच्याकडे पाहत राहिले. संजू पुण्याला परत गेला. तो येण्याआधी घरात बंद माणसं दोनच होती. आता त्यात एक कुत्रं वाढलं, एवढाच त्याच्या येण्याचा उपयोग झाला, असं मी मनाशी म्हटलं.

आणि मग एका दुपारी बाबा जेवायला बसले. भाकरीचा तुकडा मोडला, एवढ्यात त्यांना दिवाणाखालचं नाक दिसलं. शेतकऱ्याच्या ताटाजवळ कुत्रं आलं की तो जे म्हणतो, तेच बाबा म्हणाले.

"हाड!"

आणि ते आलं. शेपूट हलवत, मोडका कान उडवत, लगबगीनं बाहेर आलं आणि ताटासमोर बसलं.

बाबांनी हात उगारला. "हाड म्हनलं न बे! हाड!"

ते आणखी जवळ सरकलं आणि त्यानं पुढचा एक पाय बाबांच्या पावलावर ठेवला. बाबांनी आधी त्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बहिरं हाय का हे?"

मी हसले. सुटी लागल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता मला एकदम उलगडा झाला. ढाब्यावरचं कुत्रं ते. मटणाच्या ताटांभोवती घुटमळणारं. जेवणाऱ्यांनी ताटातलं हाडूक लांब भिरकवायचं आणि ओरडायचं, हाड! त्यांच्या मनात होतं, निघ इथून. याच्या कानावर पडलं ते, घे, हाड घे. आणि खरंच दरवेळी ते मिळत होतं. मग त्यानं काय समजावं? बिचाऱ्याला आयुष्यात कुणी प्रेमानं हाक मारली असेल, तर ती हीच. दरवर्षी मी आठवीच्या वर्गाला श्लेष शिकवते, एक शब्द आणि दोन अर्थ, तीच ती पुस्तकी उदाहरणं देऊन. इथं श्लेष माझ्या घरात शेपूट हलवत बसला होता.

त्याचं नाव हाड्या पडलं ते असं. गल्लीत त्यानं धमाल उडवून दिली. दारात आलेला माणूस घाबरून "हाड, हाड" म्हणायचा आणि हाड्या प्रेमानं त्याच्या अंगावर जायचा. पाहुणे पाय वर घेऊन सोफ्यावर बसायचे. बाबांना तर ही गंमत रोज नव्यानं घडायची, कारण कालची त्यांना आठवत नसे. रोज जेवताना नाक दिसायचं, रोज "हाड", रोज ते जवळ येणं, रोज तेच "बहिरं हाय का हे?" आणि मग अर्धी भाकरी त्याला. भाकरी दिल्याचं विसरून पुन्हा उरलेली. मला बाबांसाठी जास्तीची भाकरी थापावी लागायची.

एवढ्यानं सगळं छान झालं असं मात्र समजू नका. संजूच्या व्हिडिओत तसं होत असेल. आमच्याकडे झालं ते असं, की हाड्या रुळला, धीट झाला आणि त्याला बाहेरचे आवाज कळायला लागले. मग चहा झाला की दाराशी दोघं उभे. बाबा मध्यावर कडी चाचपडताहेत, हाड्या खालच्या फटीला नाक लावून हुंगतोय. त्या दोन पाठी मला आजही डोळे मिटले की दिसतात. बाहेर जायचं नाही म्हणून ज्याला निवडून आणलं, तोही शेवटी त्याच रांगेत जाऊन उभा राहिला होता. आता ऊन असल्याचं दोघांना सांगावं लागायचं. आणि दार उघडलं असतं तर सगळ्यात आधी पळून कोण गेलं असतं, ते मलाच ठाऊक होतं.

मग ती दुपार. कूलरमधलं पाणी संपलं होतं. पाइप मागच्या अंगणातून लावावा लागतो, म्हणून मी बाहेर गेले आणि दार नुसतं लोटून ठेवलं. टाकी भरायला वेळ लागतो. मी भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत उभी राहिले. उन्हात का होईना, एकटी उभी होते. आत कुणी माझं नाव घेत नव्हतं. मला बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. पाइप गुंडाळून आत आले तर दार सताड उघडं, बाबांची काठी जागेवर नाही आणि दिवाणाखालीही कोणी नाही.

आमच्याकडच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळी दारं बंद, सगळे कूलर सुरू. मी "बाबा, बाबा" करत अनवाणी धावत होते आणि एक दार उघडत नव्हतं. त्या घरघरीत कुणाला काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तळपाय भाजत होते. नांदुऱ्याचा रस्ता जवळ आणि त्यावर ट्रक. इतके दिवस ज्या दाराबाहेर पडायला मी तडफडत होते, त्याच दाराबाहेर उभी राहून मला काय करावं ते सुचेना. दोन गल्ल्या पालथ्या घातल्यावर, बंद तेलघाण्याच्या भिंतीपलीकडून आवाज आला.

"हाड! घरी जाय म्हनलं न. हाड बे!"

भिंतीला वळसा घालून गेले. तिथं एक मोठा लिंब आहे. लिंबाखाली बाबा काठी उगारून उभे होते आणि त्यांच्या पायाशी हाड्या जीभ काढून, शेपूट हलवत बसला होता. काय झालं असेल ते मला तिथंच कळलं. बाबा वडनेरला निघाले होते. हाड्या मागं लागला. बाबांनी वळून त्याला हाकललं, तर तो पळत जवळ आला. बाबा चार पावलं गेले, पुन्हा वळले, पुन्हा हाड, पुन्हा तो जवळ. असं करता करता ते जेमतेम लिंबापर्यंतच आले होते. त्यानं तो शब्द बरोबर ऐकला असता तर बाबा हमरस्त्याला लागले असते.

मला पाहून बाबांनी तक्रार केली. "माय, हे मले जाऊ देऊन नाही राह्यलं."

आता ऊन हाय म्हणायची सोय नव्हती. लिंबाखाली ऊन नव्हतंच. मी खाली बसले आणि रडले. रडताना बाबांचं धोतर मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. बाबाही मग हळूच टेकले. वर पाहिलं, खोडावर हात फिरवला आणि म्हणाले, "आपलाच लिंब हाय हा." वडनेरच्या वावरात बांधावर आमचा एक लिंब होता. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. बैलांचं काय झालं तेही त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

तेव्हापासून संध्याकाळी आम्ही तिघं लिंबाकडे जायला लागलो. दुपारी कडी होतीच, दुपारचं "ऊन हाय" होतंच. परत आलो की दार लावता लावता बाबा विचारायचे, गावाले कधी जाचं. काही सुटलं नव्हतं. फक्त कोंडलेल्या दिवसाला संध्याकाळी एक फट पडायची.

त्याच वर्षी, कपाशीच्या वेचण्या सुरू असताना बाबा गेले. दिवाणावरच, झोपेत. मंदाबाईंनी दुसरं काम धरलं. मी शाळेत जाते, येते. हाड्या दारात बसलेला असतो. आता दार दिवसभर उघडं टाकलं तरी तो उंबरा ओलांडत नाही. संजूचा परवा फोन आला होता. म्हणाला, "ताई, या सुटीत पुण्याला ये. चांगली महिनाभर राहा. आता तू मोकळी आहेस." त्यानं प्रेमानंच म्हटलं. तिकीटही त्यानंच काढून पाठवलं. हाड्याला तेवढे दिवस कुंदाताई सांभाळतील. मी बॅग काढून दिवाणावर ठेवली आहे, पण तिची चेन अजून उघडलेली नाही. संध्याकाळ झाली की आम्ही दोघं लिंबाकडे जातो. जाताना मी कडी बघते, येताना बघते.

मोकळी. हा शब्द त्या उन्हाळ्यातही एकदा मला कुणीतरी म्हटला होता.

सुटी संपत आली होती. आम्ही लिंबाखाली बसलो होतो. बाबा बराच वेळ माझ्याकडे पाहत होते, आणि मग रस्त्यात भेटलेल्या परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "बाई, तुमी कोन्या गावच्या?"

मला वाटलं, मागं कोणी उभं आहे. मागं कोणी नव्हतं.

"इथलीच," मी म्हटलं.

"घरी कोन हाय तुमच्या?"

"वडील हायेत."

"म्हातारे असन."

"हाव."

"मंग काऊन बसल्या इथं? वाट पाहत असन ते." बाबांना खरोखर काळजी वाटत होती. "माही फिकीर नका करू. मी माह्या वावरात बसलो. जा तुमी. व्हा मोकळ्या."

आणि त्यांनी हात हलवला. हाड्याला हाकलताना हलवायचे तसाच, फक्त हळू. तो सगळा उन्हाळा मी हेच ऐकायला तरसले होते. जा, असं कुणीतरी म्हणावं. आणि ते म्हणत होते, अगदी मनापासून. समोर रस्ता रिकामा होता. मी उठलेसुद्धा. साडीला लागलेला लिंबाचा पाला झटकला, आणि पुन्हा खाली बसले. आधी बसले होते त्यापेक्षा जवळ, त्यांच्या पावलाला माझं पाऊल लागेल इतकी.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून हाड्याला हळूच विचारलं, "बहिरी हाय का रे हे बाई?"